परिसरात आलेला वाचक

करारनामा कसा वाचावा, हे मला ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात कोणी शिकवले नाही. ते मी धुळ्याला, पांझरेच्या काठच्या पाठशाळेत शिकलो. गुरुजी सांगत, शास्त्रात एकही पद रिकामे नसते. ज्या पदाचे प्रयोजन दिसत नाही त्यापाशी थांबावे, ते कळल्यावाचून पुढे जाऊ नये. या शिकवणीचा उपयोग मी पुढे विद्यापीठाच्या ग्रंथालयात परदेशी कंपन्यांचे करार वाचण्यासाठी करीन, हे त्यांच्या स्वप्नातही आले नसेल.

जळगावच्या ज्या ग्रंथालयात माझी नोकरी झाली, तेथे निवृत्तीनंतरही मला मानधनावर ठेवून घेतले ते एवढ्याच कामासाठी. पूर्वी नियतकालिके टपालाने येत, त्यांची बांधणी होई, ती कपाटात जात. पुढे वर्गणी थांबली तरी आलेले अंक कपाटातच राहत. आता काहीच येत नाही. ग्रंथ दूर कोठेतरी असतात आणि आपल्याला ते पाहण्याची अनुज्ञा मिळते. ती अनुज्ञा कोणाला, कोणत्या इमारतीतून, कोणत्या तारखेपर्यंत आणि किती मजकूर उतरवून घेण्यापुरती, हे सारे करारात बारीक अक्षरांत लिहिलेले असते. ते वाचायला कोणाला सवड नसते. मला होती. सकाळची पूजा आटोपून मी पिंप्राळ्याहून रिक्षाने निघे आणि दुपारपर्यंत एखाद्या कराराची चार पाने समजून घेई. सहायक ग्रंथपाल मॅडम म्हणत, “सर, तुम्ही करार वाचत नाही, त्याचं पारायण करता.”

एका वर्षी विज्ञानाच्या नियतकालिकांबरोबर जुन्या हस्तलिखितांचा एक डेटाबेस आमच्याकडे आला. परदेशांतल्या ग्रंथालयांत गेलेल्या पोथ्यांची छायाचित्रे एका कंपनीने तयार केली होती. त्यांची सूची चाळताना मी एका नावापाशी थांबलो. गृहस्थाने नित्यपूजा कशी करावी, यावरची ती एक टीका होती. आमच्या गुरुजींच्या घरी हीच टीका होती, परंतु तिच्या उत्तरभागाला वाळवी लागलेली. गुरुजी हा ग्रंथ फार थोड्यांना शिकवीत. शिकवीत नेऊन त्या वाळवीच्या जागी थांबत, पोथी रुमालात बांधत आणि म्हणत, “पुढचे आपल्याकडे नाही. कोणाला लाभले, तर त्याने पाठ पुरा करावा.”

मी त्या ग्रंथापर्यंत पोहोचलोच नाही. घरच्या अडचणींमुळे आधीच नोकरीला लागलो. ज्यांनी तो पाठ शेवटपर्यंत घेतला त्यांपैकी आज एकच जण हयात आहेत, ते माझे दोंडाईच्याचे गुरुबंधू. सगळे त्यांना नाना म्हणतात, मीही नानाच म्हणतो. नाना शिंदखेड्याकडच्या एका कोरडवाहू शेतकऱ्याचे पुत्र. त्यांना पाठ देऊ नये, असे सांगायला गावातली काही मंडळी त्या काळी पाठशाळेच्या ओट्यावर येऊन बसत. गुरुजी त्यांना चहा देत आणि आत पाठ चालू ठेवीत. पुढे नाना दोंडाईच्याच्या शाळेत शिक्षक झाले, निवृत्त झाले, पण गुरुजींचे ते वाक्य त्यांच्या मनातून गेले नाही.

मी फोन केला तेव्हा नानांना काचबिंदू असल्याचे निदान धुळ्याच्या डॉक्टरांनी नुकतेच केले होते. दृष्टी कडेकडेने जाईल, औषधाने वेळ लांबेल, गेलेली परत येणार नाही, असे त्यांना सांगण्यात आले होते. मी ग्रंथाचे नाव उच्चारले. 

“पुरा शे?” त्यांनी विचारले.

“सूचीप्रमाणे पुरा आहे, नाना. आपली वाळवीची जागा ओलांडून बराच पुढे जातो.”

“मंग मी येस.”

पहिल्यांदा ते जळगावला आलेच नाहीत. धुळ्याला विद्यापीठाचे एक छोटे केंद्र आहे, तेथे ओळखीचे कोणी होते, म्हणून बसने तिकडे गेले. तेथून त्यांचा फोन आला. “भाऊ, पडदा कोराच शे ना. नुसतं काहीतरी इंग्रजी येस.”

ते इंग्रजी काय असेल, हे मला न पाहता कळले. आमच्या करारात जळगावचा एकच परिसर नोंदलेला होता. संगणकांचा जो पत्ता कंपनीला कळवलेला असतो, त्याच पत्त्यावरून विचारणा आली तर दार उघडते. धुळ्याचा पत्ता त्यांच्याकडे नव्हता. दुसरे स्थळ जोडायचे, तर कराराची श्रेणी बदलते, आणि ती बदलण्याची आमची ऐपत नव्हती. घरबसल्या वाचण्यासाठी पासवर्ड दिले जात, ते केवळ नोंदणीकृत विद्यार्थी आणि सेवेत असलेले अध्यापक यांना. नाना यांपैकी कोणीच नव्हते.

मी करार पुन्हा काढला. ‘अधिकृत वापरकर्ता’ या व्याख्येच्या अखेरीस एक लहानसे उपवाक्य होते. त्याचा भाव असा, की ग्रंथालयाच्या परिसरात प्रत्यक्ष आलेल्या आणि तेथील यंत्रावर वाचणाऱ्या व्यक्तीस अनुज्ञा आहे. ती व्यक्ती कोण, कोठली, तिचे शिक्षण काय, याबद्दल तेथे एक अक्षरही नव्हते. मी ते वाक्य नानांना फोनवर मराठीत सांगितले.

“म्हणजे तुनी कंपनीले मना पाय देखना शेत,” नाना हसून म्हणाले.

“हो, नाना. पाय ग्रंथालयात लागले पाहिजेत.”

“लागतीन. आगगाडी जळगावपर्यंत येस.”

त्यानंतर आठवड्यातून तीन-चार दिवस नाना दोंडाईच्याहून सकाळच्या गाडीने येऊ लागले. खांद्याला पिशवी, तीत कागद, शाईचे पेन, डोळ्यांचे थेंब आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. ग्रंथालयाच्या मागच्या नळावर ते हातपाय धूत, चपला दाराबाहेर ठेवीत आणि कोपऱ्यातल्या संगणकापुढे बसण्याआधी पडद्याला हात जोडीत. पहिल्या दिवशी विद्यार्थी टकमक पाहत राहिले. मॅडम माझ्या कानाशी म्हणाल्या, “सर, आपल्या संगणकाला इतका मान आजवर कोणी दिला नव्हता. एरवी सगळे त्याला बुक्के मारतात.”

छापील कागदावरचे अक्षर नानांना आता लागत नसे. पडद्यावर मात्र ते सुपारीएवढे मोठे करता येई. करारानुसार वैयक्तिक अभ्यासासाठी हाताने टिपण घ्यायला हरकत नव्हती. नाना एक पान उघडीत, ते सावकाश मोठे करीत, एकेक ओळ मनात म्हणून पाहत आणि मग कागदावर उतरवीत. काठावर जुन्या लेखकाने केलेल्या दुरुस्त्या होत्या, त्या कोणत्या ओळीत जातात हे ठरवायला कधी सगळी दुपार जाई. अक्षरे मलाही लागत. परंतु पदे कोठे तोडायची आणि काठावरचे कोठे घालायचे, हे त्या ग्रंथाचा पाठ घेतलेल्यालाच कळत होते. एकदा मी म्हटले, “नाना, पुढची पाने मी उतरवू का?” तेव्हा त्यांनी माझ्याकडे करुणेने पाहिले. “उतरावशील, भाऊ. पण ते नुसतं चित्र व्हईन.”

दिवसाला एक पान, अशी त्यांची गती पडली. पान पुरे झाले, की डोळ्यांतून पाणी वाहू लागे. मग ते पडदा मिटवीत आणि संध्याकाळच्या गाडीची वेळ होईपर्यंत माझ्या टेबलाशी बसून राहत.

पाठशाळेत आम्हां सर्वांना एक शिस्त होती. पोथीची पाने सुटी असतात. ज्या पानाचा पाठ आज व्हायचा, तेवढेच रुमालातून उचलायचे. बाकीची बांधलेली ठेवायची. जे वाचायचे नाही ते उघडायचे नाही. पाने वाऱ्याने उडू नयेत, एकमेकांत मिसळू नयेत, असे त्याचे व्यावहारिक कारण असणार. पण आमच्या लेखी तो आचारच झाला होता. नाना पडद्यावरही तो पाळीत. पुढचे पान एका बोटावर होते. त्यांनी कधी डोकावून पाहिले नाही.

ही गोष्ट मला तेव्हा सुंदर वाटली. तिचा परिणाम काय होणार आहे, हे ध्यानात आले ते वर्ष संपत आल्यावर.

प्रत्येक डेटाबेसचा वापर किती झाला, याचा अहवाल कंपनी पाठवते. पान उघडले, की एक वापर मोजला जातो. त्यापुढे माणूस क्षणभर थांबला की दिवसभर बसून राहिला, हे यंत्राला माहीत नसते. रसायनशास्त्राची मुले एका तासात डझनावारी लेख उघडीत, उतरवून घेत आणि बहुधा कधीही वाचत नसत; त्यांच्या नियतकालिकांपुढचा आकडा फुगलेला असे. हस्तलिखितांपुढचा आकडा पाहून मॅडमनी कपाळाला हात लावला. “सर, नाना रोज येतात आणि अहवाल म्हणतो कोणी येतच नाही.”

नूतनीकरणाचा निर्णय ग्रंथालय समिती करते, आणि ती खर्चाला वापराने भागून पाहते. यात गैर काही नाही. पैसा मोजकाच असतो. मी मॅडमना विचारले, काय करता येईल?

“सोपं आहे. नानांनी एक पान वाचायचं आणि बाकीची नुसती उघडून मिटायची. रोज. करारात कुठं म्हटलंय, की उघडलेलं वाचलंच पाहिजे?”

म्हटलेले नव्हते, हे खरे. मी ते नानांपुढे मांडले. ते भाकरी खात होते. त्यांनी घास खाली ठेवला.

“उघाडीसन झाकी देवानं? हाई काय दुकान शे का, भाऊ?”

“नाना, न उघडले तर पुढच्या वर्षी हा ग्रंथच आपल्यापुढून जाईल.”

“आणि उघाडीसन ऱ्हायना, तर कशासाठी ऱ्हायना?” मग मॅडम जवळ आल्याचे पाहून ते प्रमाण मराठीत वळले. “बाई, मी शाळेत हजेरी घ्यायचो. गैरहजर मुलाची हजेरी लावायचो नाही. आता या वयात लावू?”

“नाना, इथं तर मुलगा दिवसभर हजर आहे आणि त्याची एकच हजेरी लागतेय,” मॅडम म्हणाल्या.

नाना मनापासून हसले. “हे मात्र खरं बोललात.” पण पान त्यांनी उघडले नाही.

त्यांच्यावर जोर करणे मला जमले नाही. मी स्वतः बसून ती पाने उघडावीत, असेही मनात आले. परंतु ज्या ग्रंथाचा पाठ मला मिळाला नव्हता त्याची पाने मी आकड्यासाठी चाळावीत, हे मला सोसवेना. मी मॅडमना म्हटले, आपण समितीपुढे खरी परिस्थिती सांगू.

मॅडमचा समितीवर माझ्याइतका विश्वास नव्हता. एका सकाळी, नाना यायच्या आधी, त्यांनी पदव्युत्तर वर्गातल्या काही मुलींना संगणकांवर बसवले आणि हस्तलिखितांची पाने भराभर उघडायला लावली. त्यांचा हेतू चांगला होता, याविषयी मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. दुपारी नाना एका समासापाशी अडकून बसले होते, तोच पडदा पांढरा झाला आणि त्यावर सूचना आली, की आपल्या संस्थेकडून असामान्य वापर आढळल्याने प्रवेश स्थगित करण्यात येत आहे. एकाच ठिकाणाहून इतकी पाने इतक्या वेगाने उघडली गेली, म्हणजे कोणीतरी यंत्र लावून ग्रंथ उपसून नेत आहे, असा कंपनीच्या यंत्राने अर्थ लावला होता. हाही अपराध करारात नोंदलेला आहे. त्या कलमाला मी स्वतः पेन्सिलीने रेघ मारलेली होती. ते मॅडमना दाखवावे, असे कधी सुचले नव्हते.

मॅडम नानांपुढे येऊन उभ्या राहिल्या. “नाना, माझ्यामुळं झालं.” त्यांनी सारे सांगितले.

नानांनी पेनाला टोपण लावले. मग म्हणाले, “बाई, तुम्ही माझ्यासाठी पंगत वाढवायला गेलात. वाढप्याला वाटलं, लुटारू आले.”

मॅडमना हसावे की रडावे, कळेना. त्यांनी त्या दिवशी नानांना स्वतःच्या स्कूटरवर स्टेशनापर्यंत सोडले.

मी कंपनीला क्षमेचे पत्र लिहिले. चौकशीची उत्तरे आली, त्यांना प्रत्युत्तरे गेली. कोण मुली होत्या, काय उतरवून घेतले, पुन्हा असे होऊ नये म्हणून आपण काय करणार, असे प्रश्न एकामागून एक येत राहिले. दार पुन्हा उघडायला कितीतरी आठवडे गेले. त्या अवधीत नाना दोंडाईच्याला स्वस्थ बसून होते पण काचबिंदू स्वस्थ बसला नव्हता. परत आले तेव्हा पडद्यावरचे अक्षर पूर्वीपेक्षा आणखी मोठे करावे लागले. इतके, की एका वेळी अर्धी ओळसुद्धा मावेना.

समितीची बैठक झाली. मी शेवटच्या खुर्चीवर होतो. हस्तलिखितांचा विषय आला तेव्हा रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी अहवाल वर धरला. “सर, हे काय आहे? वर्षभर कोणी फिरकत नाही, एक दिवस उसळी, आणि त्या दिवशी तक्रार!”

“एक वाचक आहेत,” मी म्हणालो. “ते फार सावकाश वाचतात.”

“आपले संशोधक?”

“नाहीत.”

“माजी प्राध्यापक?”

“नाहीत. दोंडाईच्याहून येतात.”

“म्हणजे सर, आपण दोंडाईच्याची वर्गणी भरतोय,” ते म्हणाले आणि सगळे हसले. त्या हसण्यात दुष्टावा नव्हता. हसणे ओसरल्यावर ते सौम्यपणे पुढे म्हणाले, “या रकमेत माझ्या मुलांना हवी असलेली दोन नियतकालिके येतील. ती मुलंही खेड्यांतलीच आहेत. तुम्हीच सांगा, काय करायचं?”

 मी खंडित ग्रंथाविषयी बोललो, गुरुजींविषयी बोललो. अध्यक्षांनी आदराने ऐकून घेतले, पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला, नूतनीकरण न करण्याचे नोंदवले आणि पुढचा विषय घेतला.

उरलेल्या पानांसाठी मी दुसरे मार्ग शोधले. कंपनीला विचारले, एवढाच एक ग्रंथ विकत मिळेल का? उत्तर आले, की विक्री संस्थांनाच होते आणि पूर्ण संचाचीच होते. ज्या ग्रंथालयात मूळ पोथी आहे त्यांना लिहिले. त्यांनी फार सौजन्याने कळवले, की छायाचित्रांचे हक्क सध्या कंपनीकडे आहेत. आमच्या करारात, मुदत संपल्यावरही घेतलेले साहित्य वाचता येईल, असे कलम नव्हते. ते घालून घ्यायचे तर मूल्य वाढत होते. प्रारंभीच मी तसे टिपण दिले होते, आणि प्रारंभीच ते बाजूला ठेवले गेले होते. आम्ही ग्रंथ घेतला नव्हता. त्याचे दर्शन भाड्याने घेतले होते.

मॅडमनी एकदा हळूच विचारले, “सर, मोबाईलनं फोटो काढले तर?”

मी काही बोलण्याआधी नानाच म्हणाले, “बाई, मला शिकवू नका म्हणणारे पुष्कळ होते. गुरुजींनी मला समोरच्या दारानं आत घेतलं. त्यांचा पाठ मी मागच्या दारानं पुरा करू?”

त्यानंतर हा विषय कोणी काढला नाही.

मुदतीचा शेवटचा दिवस डिसेंबरचा होता. नाना नेहमीच्या गाडीने आले. त्यांच्यासोबत या खेपेस त्यांची सून होती. त्यांना आता फलाटाची कड दिसत नसे. हातपाय धुणे, हात जोडणे, सगळे रोजच्यासारखे झाले. ते पान लिहायला लागले. मधूनमधून सून थेंब घाली, मग डोळे मिटून ते काही वेळ बसत आणि पुन्हा ओळ धरीत. मी माझ्या टेबलावरून उठून त्यांच्यामागे जाऊन बसलो. त्या दिवशी मला दुसरे काम सुचत नव्हते.

ते पान कशाविषयी आहे, हे नाना लिहिता लिहिता मला सांगत होते. टीकाकाराने एक शंका उपस्थित केली होती. ज्याच्यापाशी पूजेचे कोणतेही द्रव्य नाही, ना फूल, ना तूप, ना दक्षिणा, त्याने काय करावे? आपल्याकडची रीत अशी, की आधी प्रतिपक्षाचे म्हणणे, म्हणजे पूर्वपक्ष, पूर्ण बळाने मांडायचे आणि मग त्याला उत्तर द्यायचे. त्या पानावर प्रतिपक्ष बोलत होता. त्याचे म्हणणे असे, की द्रव्यावाचून पूजा घडत नाही, म्हणून निर्द्रव्य मनुष्याला पूजेचा अधिकारच नाही. त्याने याला एकामागून एक कारणे दिली होती, आणि ती कच्ची नव्हती. पान तेथेच संपले. उत्तर पुढच्या पानावर होते.

नानांनी शेवटचे अक्षर लिहिले आणि पेन ठेवले. बाहेर ऊन होते. ग्रंथालय बंद व्हायला अवकाश होता.

“नाना,” मी म्हणालो, “पुढचे पान उघडा.”

 त्यांचा हात माऊसवर होता.

“उतरवू नका. नुसते पाहा. उत्तर काय दिले आहे, एवढे तरी कळेल. आजचा दिवस संपला, की हे दार बंद होणार.”

त्यांनी बोट उचलले आणि, माझ्या पाहण्यात प्रथमच, पाठशाळेची शिस्त मोडून पुढचे पान उघडले. पडद्यावरचे पान बदलले. नानांनी मान पुढे नेली, मागे घेतली, तिरपी केली. अक्षर मोठे केले; आणखी मोठे केले. अखेर सगळ्या पडद्यावर एकच अक्षर उरले.

“भाऊ,” ते म्हणाले, “डोळा आज सरना.”

मी पुढे झालो. पहिल्या ओळी वाचल्या. पानाच्या मध्यावर काठावरून आलेली एक लांब दुरुस्ती होती, शेजारी दुसऱ्या हाताची आणखी एक, आणि दोन्हींना जोडणाऱ्या खुणा पुसट झालेल्या. मी अक्षरे मोठ्याने उच्चारीत गेलो. नाना डोळे मिटून ऐकत होते आणि मध्येच थांबवून विचारीत, “हाई मूळनं की काठनं?” मला सांगता येत नव्हते. मी एकदा एक म्हणालो, एकदा दुसरे. थोड्या वेळाने त्यांनी हात वर केला.

“ऱ्हाऊ दे. तू दमना. आणि हाई असं वाचनं म्हणजे दोन जणांनी ग्रंथ बिघाडना.”

त्यांनी पान मिटले. सुनेने कागद पिशवीत ठेवले. ते गेले.

दुसऱ्या दिवशी मी सवयीने तो दुवा उघडला. आपल्या संस्थेला या सामग्रीचा अधिकार नाही, असे तेथे लिहिलेले होते.

मार्चअखेर माझे मानधनही संपले. करारांचे काम आता सगळ्या विद्यापीठांसाठी एकत्र, दूर कोठेतरी होते. उन्हाळ्यात मॅडमचा घरी फोन आला. त्याच कंपनीने महिनाभर विनामूल्य चाचणी दिली होती आणि तीत हस्तलिखिते होती.  मी त्यांना अटी वाचून दाखवायला सांगितले. त्यांनी वाचल्या. चाचणीची अनुज्ञा केवळ नोंदणीकृत विद्यार्थी आणि सेवेतील कर्मचारी यांना होती. परिसरात आलेल्या इतर व्यक्ती स्पष्ट शब्दांत वगळलेल्या होत्या. त्या ‘इतरां’मध्ये आता मीही होतो.

“सर, या तुम्ही. मी उघडून देते. मला ती अक्षरं मुंग्यांच्या रांगेसारखी दिसतात, नाहीतर मीच वाचून सांगितली असती. कोण बघतंय?”

“विचारून सांगतो,” मी म्हणालो.

दोंडाईच्याला फोन लावला. सुनेने घेतला. नानांना आता ताटातले दिसत नाही, घास हातात द्यावा लागतो, असे तिने सांगितले. सकाळी ते ओसरीवर बसून उतरवलेला भाग पाठ म्हणतात. तो त्यांना सगळा मुखोद्गत झाला आहे. मग तिने फोन त्यांच्या कानाला लावला.

मी चाचणीविषयी सांगितले. अटही सांगितली.

“वगळेल शेत आपण?” त्यांनी विचारले.

“हो, नाना. नाव न घेता, पण वगळलेले आहोत.”

“मंग ऱ्हाऊ दे.”

 त्यांच्या अंगणातल्या चिमण्यांचा कलकलाट इकडे ऐकू येत होता. मग त्यांनीच विचारले.

“तुले दुसरीकडे कोठे उत्तर मिळनं का, भाऊ? त्या टीकाकारनं स्वतःनं?”

“नाही, नाना. दुसऱ्या ग्रंथकारांची उत्तरे आहेत. यांचे नाही.”

“दुसरासनी मालेबी माहीत शेत,” ते म्हणाले. “म्हणजे त्याना पूर्वपक्ष अजून उभा शे.”

“उभा आहे,” मी म्हणालो.